आंबेरकरांची दाद

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या 'रात्रछाया' मंडळाची बैठक महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, एका शिकवणी वर्गाच्या खोलीत भरते. फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट पुसलेलं रसायनशास्त्र असतं आणि बाकं आठवीच्या मापाची असतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अशा बाकात शिरायला वेळ लागतो आणि बाहेर पडायला त्याहून जास्त. म्हणूनच आमच्याकडे टीका ऐकून रागारागाने कुणी उठून गेल्याचं उदाहरण नाही. इच्छा अनेकांची झाली, गुडघ्यांनी साथ दिली नाही.

आम्ही सगळे हौशी. दिवसा नोकरी, दवाखाना, दुकान सांभाळायचं आणि दिवेलागणीनंतर कॅमेऱ्याचं तिकाटणं खांद्यावर टाकून रस्त्यावरच्या दिव्यांचे, पुलांचे, तळ्यातल्या प्रतिबिंबांचे फोटो काढत हिंडायचं. मग ते पडद्यावर लावून एकमेकांकडून ऐकून घ्यायचं. ऐकून घेण्याची आमची एक रीत आहे. ज्याचा फोटो पडद्यावर, त्याने पुढच्या एकुलत्या खुर्चीत बसायचं आणि तोंडात खडीसाखरेचा खडा धरायचा. खडा विरघळेपर्यंत त्याने बोलायचं नाही, बाकीच्यांनी बोलायचं. चावणं हा गुन्हा. पूर्वी ही रीत नव्हती, तेव्हा फोटो दोन मिनिटं दिसायचा आणि "तिथे वारा फार होता", "वॉचमनने हाकललं", "बायकोचा फोन आला" ही कैफियत अर्धा तास चालायची. मधुमेह्यांना खड्याऐवजी लवंग मिळते. लवंग विरघळत नाही, त्यामुळे मधुमेह्यांवर टीका अंमळ जास्त वेळ होते, असा एक अर्ज सध्या कार्यकारिणीपुढे आहे.

या मंडळात महिपत आंबेरकर डोंबिवलीहून येतात. पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ राहतात. बुटका बांधा, चौकड्यांचा शर्ट, आणि पोट असं की खोलीत आधी ते येतं आणि मग आंबेरकर येऊन त्याची ओळख करून देतात. या गृहस्थांना आजवर एकही फोटो वाईट दिसलेला नाही. हललेला फोटो लागला की म्हणणार, "दिव्यांना कशा शेपट्या फुटल्यात! सणासुदीचं वाटतं." उजेडाने पांढराफटक पडलेला लागला तर, "प्रकाशाच्या बाबतीत कंजुषी नाही हं." मी एकदा पौर्णिमेचा चंद्र काढला होता. पडद्यावर तो शर्टावर सांडलेल्या दह्याच्या थेंबाएवढा आला. आंबेरकर हळूच म्हणाले, "लाजलाय बिचारा."

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. हा माणूस उभा जन्म वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीत बसला. "दिवे गेले", "दिवे कधी येणार", "समोरच्या इमारतीत आहेत, आमच्यातच कसे नाहीत" हे ऐकत ऐकत केस गेले. तिथे माणसाचं एक तर दगड होतं, नाही तर आंबेरकर होतं. जगातल्या सगळ्या तक्रारी ऐकून झाल्यावर स्वतःची अशी एकही त्यांच्याकडे उरली नाही. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला तोही रात्रीच्या फोटोंसाठी, कारण पेटलेला दिवा दिसला की त्यांना अजूनही हायसं वाटतं. "दिवा लागलाय ना? मग झालं की!" हा त्यांचा छायाचित्रणाचा संपूर्ण सिद्धांत.

हसतो आम्ही, पण त्यांच्यावाचून आमचं चालत नाही. मंडळात मेघना राजवाडे म्हणून दातांच्या डॉक्टर आहेत. त्या फोटो तपासतात तेव्हा समोरच्याचा जबडा आपोआप उघडतो. "वरचा उजवा कोपरा पूर्ण किडलाय, काढून टाका. मधे पोकळी आहे. खालच्या रांगेत गर्दी झालीय." त्यांचं खणून झालं की आंबेरकरांनी फुंकर घालायची, अशी कामाची वाटणी कुणी न ठरवता पडून गेली होती.

आंबेरकरांबरोबर त्यांच्या पत्नी नीलाताईही येतात. डोंबिवलीतल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. उत्तर बरोबर, पण शेवटी 'चौरस मीटर' लिहिलं नाही, तर अर्धा गुण कापायच्या. अजून कापतात. भाजीवाला, डॉक्टर, लग्नातला आचारी, कुणाला सूट नाही. एकाने कधी गुण कापले नाहीत आणि दुसरीने कधी पैकीच्या पैकी दिले नाहीत, असा हा संसार सुखाने चालला आहे. बैठकीत त्या शेवटच्या बाकावर शब्दकोडं सोडवत बसायच्या. फोटो काढणं हे नवऱ्याचं खूळ, आपण फक्त पिशवी धरायची, अशी त्यांची भूमिका होती.

एका संध्याकाळी ती बदलली. कोपर स्टेशनबाहेर आंबेरकर तिकाटणं लावून पादचारी पुलाच्या दिव्यांचा फोटो काढत होते. शेजारी शेवंती मासळीवाली दुकान आवरत होती. मासळी संपली होती, पाट धुऊन झाला होता आणि तिने बादलीतलं उरलेलं पाणी रस्त्यावर भिरकावलं. मागे औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी पेटलेली. नीलाताईंनी हातातल्या मोबाइलने ते टिपलं. फोटोत पाणी अजून जमिनीवर पडायचं आहे. लांबलचक हिरवी कमान हवेत थांबली आहे, आणि आपल्याच पाण्यापासून वाचायला शेवंतीने एक पाय वर घेतला आहे.

घरी आल्यावर त्यांनी तो नवऱ्याला दाखवला. आंबेरकरांनी चष्मा चढवला. मग म्हणाले, "नीला, बघत राहावंसं वाटतं गं."

आयुष्यभर लाल शाई वापरलेल्या बाईंच्या मनात प्रथमच काहीतरी हललं. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं, फोटो द्यायला बैठकीनंतरच्या शनिवारपर्यंत मुदत होती. आधी बैठकीत दाखवू, चार लोकांचं ऐकू आणि मग देऊ, असं ठरवून त्यांनी तो सुमितकडे पाठवला. सुमित म्हणजे आमचा पडदा, वायरी आणि खडीसाखर सांभाळणारा माणूस.

त्या रविवारी घोटाळा झाला. दोन जणांच्या फोटोंच्या मधे सुमित एक पूर्ण काळी पाटी घालतो, डोळ्यांना विसावा म्हणून. नेमका त्या काळ्या पाटीवर संगणक अडकला. वायर बघायला सुमित पुढच्या खुर्चीत टेकला आणि सवयीने त्याने डब्यातला एक खडा तोंडात टाकला. आता आमच्या मंडळात पुढच्या खुर्चीत, गाल फुगवून, गप्प बसलेल्या माणसाचा एकच अर्थ होतो.

आंबेरकरांनी घसा साफ केला. "सुमित, कमाल केलीस! अमावास्येला इतकं प्रामाणिकपणे कुणी पकडलं नव्हतं."

सुमित दोन्ही हात हलवायला लागला. बोलता येईना, नियम त्यानेच केलेला.

"अरे, संकोच कसला करतोस? काळोख आहे, पण कुठे भीती घालत नाही. दमून आलेल्या माणसाला असाच काळोख हवा असतो. बघत राहावंसं वाटतं."

"आंबेरकर," मेघनाबाई म्हणाल्या, "तो फोटो नाहीये. पडदा रिकामा आहे."

आंबेरकरांनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "असं होय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "तरीसुद्धा..."

त्यापुढचं कुणाला ऐकू आलं नाही. लोक बाकांत अडकल्या अडकल्या लोळायचे तेवढे लोळले. आंबेरकर स्वतःही हसले. नीलाताई मात्र हसल्या नाहीत. चहाच्या सुट्टीत त्या सुमितला म्हणाल्या, "माझा फोटो काढून टाक."

"काय काकू? पुढचा तुमचाच आहे ना!"

"राहू दे रे. नको वाटतोय आता."

परतीच्या लोकलमधे ठाणे सुटेपर्यंत त्यांनी शब्दकोडं सोडवलं. मग विचारलं, "माझ्या फोटोला तुम्ही काय म्हणाला होतात?"

"बघत राहावंसं वाटतं."

"आणि त्या काळ्या पडद्याला?"

आंबेरकर खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "पण तुझ्या वेळी खरंच वाटलं होतं."

"आणि त्याच्या वेळी?"

खोटं बोलायची सवय नाही, हीच तर पंचाईत. "त्याच्याही वेळी थोडं वाटलंच होतं."

"अहो, सगळ्या वर्गाला शंभर दिलेत तर माझ्या शंभराचं मी काय करू?"

हे आणि पुढचं सगळं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन हकिगती जुळत नव्हत्या तिथे मी नीलाताईंची धरली आहे. गणिताच्या बाई आहेत.

आंबेरकरांची झोप उडाली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक दाद अगदी आतून दिली होती आणि ती वटत नव्हती. बायकोचा फोटो खरोखर चांगला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण ते तिला पटवायला त्यांच्याजवळ जे शब्द होते ते सगळे त्यांनी वर्षानुवर्षं आमच्या हललेल्या दिव्यांवर उधळून टाकलेले. तेव्हा त्यांनी ठरवलं, आपल्या शब्दाला वजन आणायचं. त्यासाठी लोकांना त्यांचे दोष सांगायचे. तेही नीलाताईंच्या देखत, फोनवरून.

पहिला फोन मेघनाबाईंना. "मॅडम, तुमचा तो तलावपाळीचा फोटो. स्पष्टच सांगतो, राग मानू नका. त्यातलं पाणी जरा... ओलं वाटतं."

"आंबेरकर, तब्येत बरी आहे ना?"

दुसरा मला. "तुमच्या त्या खाडीपुलाच्या फोटोत पूल फार लांब आहे."

"मग काय करू? जवळ आणू?"

"नाही नाही! लांब आहे तेच शोभतं," ते घाईघाईने म्हणाले, आणि मागून नीलाताईंचा सुस्कारा मला इथे नौपाड्यात ऐकू आला.

असा आठवडा गेला. शुक्रवारी जेवणं झाल्यावर नीलाताईंनी तो फोटो घरच्या टीव्हीवर लावला. फडताळातून खडीसाखरेची बरणी काढली, त्यातला चांगला सुपारीएवढा खडा निवडून तोंडात टाकला आणि टीव्हीशेजारी खुर्ची ओढून नवऱ्याकडे तोंड करून बसल्या.

आंबेरकर सोफ्यावर सावरून बसले. "पाणी काय सुरेख आलंय," ते म्हणाले. "हिरवा रंग तर काय! आणि तिचा तो उचललेला पाय, वा! एकूणच..." इथे स्तुती संपली. बाईंनी बोटाने फुगलेला गाल दाखवला. खड्याचा कोपराही झिजलेला नव्हता. आमच्याकडे स्तुती करणारा एक वाक्य बोलून सुटतो, कारण पाठोपाठ दुसरा बोलतो. घरात दुसरा कोण?

बोलायला काही राहिलं नाही, तेव्हा आंबेरकर फोटो बघायला लागले. बहुधा पहिल्यांदाच. पाणी बघितलं, पाटी बघितली, शेवंती बघितली. मग उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"डावीकडे हे काय आलंय? चौकडे-चौकडे..." त्यांनी चष्मा पुसला. "अगं, हा माझा शर्ट! नीला, हे माझं पोट आहे!"

बाईंनी खडा दुसऱ्या गालात सरकवला.

"हे वाईट आहे गं," आंबेरकर म्हणाले, आणि आपल्या तोंडून हा शब्द बाहेर पडलेला ऐकून स्वतःच दचकले. पण आता थांबवेना. "नजर पाण्याबरोबर छान निघते आणि पोटावर येऊन आदळते. कापून टाकावं म्हटलं तर पाण्याचं टोक जातं, म्हणजे कापताही येत नाही. आणि सबंध फोटो डावीकडे उतरलाय. ते औषधाचं दुकान बघ, घसरगुंडीवर ठेवल्यासारखं." एवढं बोलून ते सोफ्यावर बसले आणि पाणी मागितलं. बाईंच्या तोंडात साखर. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

खडा संपल्यावर नीलाताईंनी विचारलं, "किती?"

"काय किती?"

"गुण."

आंबेरकरांनी जन्मात कुणाला गुण दिले नव्हते. परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले, "दहापैकी साडेसात."

"कापले कसे?"

"पोटाचे दोन. वाकडा आहे त्याचा अर्धा."

"पोटाला दीड पुरे होता," बाई म्हणाल्या. पण आवाज मऊ आला होता. टीव्ही बंद करता करता त्या थबकल्या. "दोष काढायला बसवलं म्हणून काढलात तुम्ही. मला बरं वाटावं म्हणून वाईट बोललात. तुमचा काय भरवसा?"

आंबेरकर एवढंच म्हणाले, "उद्या मुदत संपतेय."

"शेवंतीला विचारल्याशिवाय मी तिचा फोटो भिंतीवर लावणार नाही. ती काय म्हणते बघू. मग ठरवू."

शनिवारी संध्याकाळी दोघं स्टेशनबाहेर गेली. शेवंतीच्या टोपलीत थोडे बोंबील आणि मांदेली उरली होती. कोपर गावातली बाई, जीभ कोयत्याहून धारदार. तिने हात पदराला पुसले आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला.

"अगो बाय! ही मीच क?"

"तूच. प्रदर्शनात लावू का? ठाण्याला."

शेवंतीने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. "पन यान मावरा कुठं हाय?"

"मासळी संपली होती ना तेव्हा."

"मंग तवा कशाला काढलास? बगनारा बोलल, हिच्या टोपलीत मालच नाय. पानी फेकतंय नुसती. सकाली ये, पापलेट मांडतंय, सुरमई मांडतंय, मी पन चांगला लुगरा नेसतंय. मंग काढ."

नीलाताईंनी मोबाइल मागून घेतला. "बरोबर आहे तिचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तिच्या धंद्याचा फोटो आणि त्यात धंदाच नाही. मी उगीच भरीला पडले. जाऊ दे." आणि मोबाइल पर्समधे टाकून त्यांनी चेन ओढली.

"नाही," आंबेरकर म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या. या माणसाने रिक्षावाल्यालाही कधी 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

"शेवंती, तुझं चुकतंय. मासळी असती तर हा फोटो बिघडला असता. पापलेटाचे फोटो प्रत्येक हॉटेलच्या पाटीवर असतात. इथे तुझा दिवस संपलाय. सगळं विकून झालंय, ते शेवटचं पाणी तू फेकतेयस, आणि फेकताना तुला हलकं वाटतंय, ते त्या पायात दिसतं. मी मोठा कॅमेरा घेऊन तुझ्या शेजारी उभा होतो आणि मला पुलाचे दिवे दिसले. हे हिला दिसलं."

"मना शिकवतंस?" शेवंतीने कमरेवर हात ठेवले. "आनि त्या फोटोन कोनाचा पोट हाय? ह्यो चालतंय व्हय तुला? मावरा नाय चालत, पोट चालतंय?"

मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही पोटाकडे पाहिलं, फोटोतल्या नव्हे.

"पोट नाही चालत!" आंबेरकरांचा आवाज चढला. "पोट वाईटच आहे, त्याचे दोन गुण कापलेत मी! पण मासळी नाही तेच बरोबर आहे. तू काहीही म्हण."

"उद्यापासून बोंबील नाय देनार तुला."

आंबेरकरांनी टोपलीकडे पाहिलं. बोंबलासाठी हा माणूस एरवी कुठल्याही कागदावर सही करेल. "नको देऊस," ते म्हणाले. "फोटो हाच चांगला आहे."

नीलाताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्सची चेन उघडली आणि मोबाइल बाहेर काढला.

"शेवंती, आवडला नाही तर नाही, पण लावायला तुझी हरकत आहे का, तेवढं सांग."

"हरकत कशाला? माजा काय जातंय? लाव." शेवंतीने मांदेलीवरची माशी हाकलली. "पन खाली माजा नाव ल्ही. आनि ल्ही, सकाली ताजा मावरा मिलतंय."

बाईंनी तिथेच, मासळीच्या वासात उभं राहून, फोटो सुमितला पाठवला. खाली शेवंतीचं नाव लिहिलं, ताज्या मासळीचंही लिहिलं, आणि पाठवण्याआधी एकदा वाचून पूर्णविराम दिला.

"अगं, गेला? लगेच?" आंबेरकर एकदम घाबरले. "घरी जाऊन निदान सरळ तरी करून घेतला असता..."

"साडेसात पुष्कळ झाले," नीलाताई म्हणाल्या. "चला." आणि पिशवी नवऱ्याच्या हातात देऊन त्या पुढे चालायला लागल्या. पाठीमागून बघणाऱ्यालाही कळावं इतकी ती चाल खुशीत होती.

आंबेरकर दोन पावलं गेले, थांबले, मागे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शेवंती, बोंबलाचं खरंच म्हणालीस का गं?"

"सकाली ये," शेवंती गिऱ्हाइकाची मांदेली तोलत म्हणाली, "मंग बगू."